वाफेतली अक्षरं

मार्गशीर्ष लागला की बेंगळूरला सकाळी धुकं उतरतं आणि इंदिरानगरातल्या आमच्या कोपऱ्यावर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागतात. हिरव्या, चिकट, उग्र वासाच्या शेंगा. घेणाऱ्या बायका एकेक शेंग नाकाशी नेऊन बघतात, कारण वास जितका उग्र तितका दाणा चांगला. समोरच शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी असतात. थंडीनं आखडलेली, स्वेटरात हात ओढून घेतलेली. मग एकाला सुचतं, तो तोंडातून वाफ सोडतो, आणि पाहता पाहता सगळे धूर काढायला लागतात.

मी गॅलरीत कॉफीचा पेला धरून उभी असते. मुलांना त्या वाफेत धूर दिसतो, मला अक्षरं दिसतात. ‘प’ म्हटला तर वाफ जेमतेम ओठांच्या उंबऱ्यापर्यंत येते. ‘फ’ म्हटला की ढग सुटतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्यांच्या एका काळवंडलेल्या गावात, मी ते डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यात हिवाळे पुष्कळ आले, पण मार्गशीर्षात गॅलरीत मला भेटायला येतो तो तेवढा एकच.

माझं नाव कावेरी. आमची शिंप्याची जात आणि शिंप्याचंच काम. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान चिकपेठेच्या एका आतल्या गल्लीत होतं. खाली दोन मशिनं, वर आमचं घर. आमचे पूर्वज कधी इकडे आले ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं होतं की कुठलं कोणतं ते सांगता येऊ नये. ‘काय करालीस गं?’ ‘स्वल्प थांब की.’ ‘सरी, जेवूनच जा.’ ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘सरी’ म्हणजे बरं. थोरला भाऊ अण्णा, थोरली बहीण अक्का. माझी शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी. आणि घरची पत्रं? भाषा मराठी, लिपी कन्नड. त्यात काही वेगळं आहे असं आम्हांला कधी वाटलं नव्हतं.

फक्त सोलापुराकडचे कोणी पाहुणे येऊन गेले की अप्पा मशीनवर बसता बसता म्हणत, “आपलं मराठी ठिगळाचं. खरं मराठी तिकडे पुण्याला.” ते हे दुःखानं म्हणत नसत. पाऊस तिकडे जास्त, असं सांगावं तसं म्हणत. माझ्या मनात मात्र ते कुठेतरी टोचून बसलं होतं. चारचौघांत मराठी बोलायची वेळ आली की मी इंग्रजीत शिरायची.

मी मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत असे. तेव्हा तसंच म्हणत. कॅन्टोन्मेंटात एका जुन्या बंगल्यात ती शाळा भरे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनानं फार चांगल्या होत्या. त्यांचं ठाम मत होतं की ऐकू न येणाऱ्या मुलाला एकच भाषा पेलते, मग ती इंग्रजीच का नको? पुस्तकं इंग्रजी, साधनं इंग्रजी, तपासणी इंग्रजी. मला ते पटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यावर विचारच केलेला नव्हता.

वर्गात रत्ना नावाची सात वर्षांची मुलगी होती. तिचे वडील शहराबाहेरच्या के. आर. पुरम स्टेशनात रुळांचे सांधे बदलायचं काम करत. रत्ना आठवडाभर शाळेतच राही. शनिवारी तिची आई तिला न्यायला येई. उंच, सावळी, कमरेत पदर खोचलेली बाई. कन्नडखेरीज एक शब्द येत नव्हता. एका शनिवारी फाटकाशी रत्नानं आईचा पदर ओढला आणि ओठ पुढे काढून, गळ्याच्या शिरा ताणून म्हणाली, “वॉटर.” तो एक शब्द बसवायला आम्हांला तीन महिने लागले होते. मी आनंदानं टाळी वाजवली.

आईनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “एन हेळ्ताळे, टीचर?” काय म्हणते ही?

“पाणी मागते,” मी कन्नडमध्ये सांगितलं.

“हो का,” म्हणाली आणि तिला नळाकडे घेऊन गेली. आई आणि तिची मुलगी यांच्यामध्ये मी दुभाषी म्हणून उभी होते, आणि त्यात काही चुकतंय हे माझ्या लक्षातही आलं नाही. पुढे सातासमुद्रापलीकडे गेल्यावर ते लक्षात यायचं होतं.

बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण आणि त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती असं पत्र शाळेत आलं. मोठ्या बाईंनी माझं नाव धाडलं आणि ते निवडलंही गेलं. गल्लीत आधी कुणाचा विश्वास बसेना. शिंप्याची बिनलग्नाची मुलगी विलायतेला? अप्पांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कॅन्टोन्मेंटातून कुठल्याशा साहेबाचा जुना ओव्हरकोट मागून आणला, त्याची सगळी शिवण उसवून तुकडे सतरंजीवर मांडले, आणि ते बघून माझ्यासाठी नवा कोट बेतला. चिकपेठेत तोवर कुणी ओव्हरकोट शिवला नव्हता. आतलं अस्तर लावताना ते एवढंच म्हणाले, “थंडी किती असते ते मला ठाऊक नाही. म्हणून दुहेरी लावलंय.”

मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटली. जवळजवळ तीन आठवडे पाणी. एडन, सुएझ, मग राखाडी आभाळ, जे पुढे महिनोन्‌महिने हललंच नाही.

मला राहायला जागा मिळाली मिसेस क्लेग यांच्याकडे. या विधवा बाई कापडाच्या गिरणीत मागावर काम करत. पहिल्या संध्याकाळी दारातच त्यांनी माझा कोट उतरवून घेतला, खुंटीला लावायच्या आधी उलटा केला, आतली शिवण दिव्याखाली धरून पाहिली.

“हे कुणाचं काम?”

“माझ्या वडिलांचं.”

“मग तू चांगल्या घरची आहेस,” त्या म्हणाल्या. इतक्या दूर, अशा निकषावर, कुणी मला चांगल्या घरची ठरवील असं वाटलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

त्यांचं इंग्रजी मला आठ दिवस कळलंच नाही. कॉलेजात ऐकत असे त्याच्याशी त्याचं नातं दूरच्या चुलत्याचं. पुस्तकातलं ‘यू’ त्यांच्या तोंडी नव्हतंच. जुन्या बायबलातलं ‘दाऊ’ झिजून झिजून ‘दा’ झालेलं, ते त्या मला लावत. स्वर आडवे, अर्धे शब्द गिळलेले. मी एकदा भीत भीत विचारलं, इथले सगळे असंच बोलतात का? त्या चहा ओतता ओतता थांबल्या. “माझी आई असं बोलायची. तिची आई असं बोलायची. ज्याला कळत नसेल त्यानं कान धुऊन यावं.” आणि पुन्हा चहा ओतू लागल्या. स्वतःच्या बोलण्याबद्दल इतक्या निवांतपणे बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याच गावात विमल होती. पुण्याची. शिक्षणशास्त्र शिकायला आलेली, माझ्याच वयाची, हुशार, चटपटीत. कॉलेजच्या खाणावळीत कुणीतरी ओळख करून दिली. इतक्या दिवसांनी मराठी माणूस भेटलं म्हणून मला इतका आनंद झाला की मी सगळं विसरले.

“कधी आलीस? कुठं राहालीस? जेवण तरी बरं मिळालंय की?”

ती आधी चकित झाली, मग हसत सुटली. “राहालीस? अगं, हे कुठलं मराठी? कुणीतरी कन्नडमध्ये मराठी बोलतंय असं वाटतं. आणि नाव कावेरी! मराठी मुलीचं नाव कावेरी?”

“आमच्याकडे तीच नदी,” मी म्हटलं. पण आवाज अर्धा झाला होता.

तेवढ्यात माझ्या हातातलं घरचं पत्र तिला दिसलं. “आणि हे काय? मराठी पत्र कन्नड अक्षरांत? कमाल आहे तुमची!” तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र अप्पांचं अक्षर मी घडी घालून घाईनं खिशात लपवलं. आणि ते लपवल्याची लाज मला नंतर कित्येक दिवस, तिच्या हसण्याहून जास्त लागून राहिली. त्यानंतर विमल भेटली की मी इंग्रजीत बोलू लागले.

म्हणजे मराठी बोलायला कुणी उरलं नाही. माणसाच्या तोंडातली भाषा किती दिवस गप्प बसेल? मिसेस क्लेगच्या घरापासून कॉलेजपर्यंत एका कालव्याच्या काठानं रस्ता जाई. डिसेंबरात कालवा गोठला. सकाळी त्या वाटेवर चिटपाखरू नसे. एका सकाळी माझ्या ओठांतून आपोआप अक्षरं बाहेर पडू लागली. गाणं नाही, स्तोत्र नाही, नुसती बाराखडीच्या आधीची ओळ, पहिलीत घोकलेली. क ख ग घ ङ. फक्त तोंडाला आपली चव यावी म्हणून.

आणि मी थबकले. ‘क’ म्हटला तेव्हा वाफेची एक बारीकशी रेघ आली होती. ‘ख’ म्हटल्यावर मोठा लोळ. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. प, फ. ट, ठ. मी हातमोजा काढला, गळ्यावर बोटं ठेवली. ‘ग’ला गळा घुमला. ‘घ’ला घुमला आणि वाफही आली. ‘ङ’ला नाकाचं हाड थरथरलं. क-ची ओळ पार घशापाशी, च-ची टाळूला, ट-ची जीभ उलटी वळून टाळूच्या माथ्याला, त-ची दाताला, प-ची ओठांवर. आतून बाहेर, पायरी पायरीनं. मी वेड्यासारखी त्या गोठलेल्या कालव्यापाशी उभी राहून अक्षरं म्हणत होते आणि थंडी माझ्यासमोर ती हवेत लिहून दाखवत होती. वीस वर्षं ही ओळ मला पाठ होती. ती तोंडाचा नकाशा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला तळहातानं, बोटांनी, डोळ्यांनी यातलं प्रत्येक अक्षर वेगळं ओळखता येईल, हे तर माझ्याशिवाय त्या घटकेला तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मला कॉलेजला उशीर झाला. आयुष्यातला तो माझा सगळ्यात चांगला उशीर.

पुढच्याच आठवड्यात मिस हॅलम यांच्या तासाला हे दाखवायची वेळ आली. उच्चारशास्त्र त्या शिकवत. साठीच्या, काटकुळ्या, शिस्तीच्या. टेबलावर मेणबत्ती लावून त्या आम्हांला उच्चारातला श्वास दाखवत. परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेतले ध्वनी दाखवावेत असं त्यांनी सांगितलं. माझी पाळी आली.

“तुझी भाषा कोणती?”

मी म्हटलं, “मराठी. घरची मराठी.”

मी मेणबत्तीसमोर ‘प’ म्हटला. ज्योत हलली नाही. ‘फ’ म्हटला, ज्योत लवली. मिस हॅलमनी स्वतः करून पाहिलं. त्यांच्या तोंडून साधा ‘प’ निघेना. म्हणतील तेव्हा फुंकर जाई. तिसऱ्या खेपेला मेणबत्तीच विझली. वर्ग हसला, त्याही हसल्या. मग मी एकेक ओळ म्हणत गेले, हात कुठे ठेवायचा ते दाखवत गेले, आणि त्या फळ्यावर लिहीत गेल्या. पाच आडव्या, पाच उभ्या. फळा भरला तेव्हा त्या मागे सरून बघत राहिल्या.

“हे कुणी रचलं?”

“ठाऊक नाही. आमच्याकडे पाच वर्षांची मुलं घोकतात.”

“आणि असं का रचलंय ते त्यांना सांगतात?”

“नाही. मलाही गेल्या आठवड्यातच कळलं.”

पुन्हा हशा पिकला, पण या हसण्यानं मला काही टोचलं नाही. बाकावर येऊन बसताना मला आणखी एक गोष्ट उमगली. ही ओळ मी कन्नड शाळेत, कन्नड अक्षरांत शिकले होते. विमल पुण्यात देवनागरीत शिकली असेल. अक्षरांचं रूप वेगळं, घर एकच. मग कन्नड अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या माझ्या बापानं काय चूक केली होती? त्याच्या हाताशी जी सुई होती तिनं त्यानं शिवलं.

ही हकीकत विमलच्या कानावर गेली असावी. जानेवारीत एका संध्याकाळी ती मिसेस क्लेगच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. एका शाळेत ती सरावाचा पाठ घ्यायला गेली होती. तिच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’वर मुलं हसली होती, मागून नक्कल करत होती. “आता तू मला हस,” ती म्हणाली. “तुझी पाळी.”

मी हसले नाही. आरसा आणला. वरचे दात खालच्या ओठावर कसे टेकतात ते तिला दाखवलं. मग ओठांचा चंबू, दात लांब. तासाभरात तिला ते जमलं. जाताना ती दारातच रेंगाळली. “कावेरी, तू माझ्याशी मराठीत का बोलत नाहीस?”

“तुला कळत नाही की,” मी म्हटलं. मग मात्र आम्ही दोघी इतक्या हसलो की मिसेस क्लेगनी वरून जमिनीवर काठी आपटली.

मग तिनं मला देवनागरीत मराठी लिहायला शिकवलं. हिंदीमुळे अक्षरं येत होती, पण मराठी म्हणून ती मी कधी वापरली नव्हती. पहिलं शुद्ध मराठी पत्र मी मोठ्या ऐटीत अप्पांना पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं, नेहमीच्या कन्नड अक्षरांत: ‘तुझं पत्र वाचून घ्यायला तिसऱ्या गल्लीतल्या मास्तरांकडे जावं लागलं. त्यांनी वाचलं, पण तुझा आवाज आला नाही. पुढचं आपल्या अक्षरात लिही.’

आता आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईची पुष्कळ पोरं येऊन राहिली आहेत. त्यांच्या मराठीत निम्मं इंग्रजी. परवा लिफ्टमध्ये एक मुलगी म्हणाली, “आजी, तुमचं मराठी किती क्यूट आहे!” मी म्हटलं, “तुझंही की.” तिला ते कळलं नसावं. पण मला बरं वाटलं. त्या हिवाळ्याआधीच्या कावेरीला असं उत्तर सुचलं नसतं.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, एका शनिवारी मिसेस क्लेग मला त्यांची गिरणी दाखवायला घेऊन गेल्या. दार उघडलं आणि आवाज अंगावर कोसळला. शेकडो माग एकदम. पायाखालची फरशी हलत होती, दात वाजत होते. मी ओरडून काही विचारलं, ते मलाच ऐकू आलं नाही. आणि त्या गदारोळात बायका मजेत गप्पा मारत होत्या! या मागावरची त्या टोकाच्या मागावरचीशी. ओठ मोठे मोठे हलवत, भुवया उडवत, आवाज न काढता. मध्येच चारपाच जणी एकदम हसत.

बाहेर आल्यावर मिसेस क्लेग म्हणाल्या, “त्यातली एक जन्मतः बहिरी आहे. कुठली, सांग.”

मी बहिऱ्या मुलांची शिक्षिका. मला सांगता आलं नाही. हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे होती तीच ती, हे त्यांनी मग सांगितलं. त्या छपराखाली बहिरी मीच होते.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. त्या बाईच्या ओठांवर कुठली भाषा होती? कॉलेजची नव्हे. मिसेस क्लेगची, तिच्या आईची, गल्लीची. ‘दा’वाली. म्हणून तिला गप्पा होत्या, चहाड्या होत्या, मैत्रिणी होत्या. आणि आमच्या रत्नाकडे काय होतं? ‘वॉटर’. आणि तो शब्द तिच्या आईच्या गावात कुणाला ठाऊक नव्हता.

वर्ष संपत आलं तेव्हा मिस हॅलमनी मला बोलावून घेतलं. परत जाऊन काय करणार, असं विचारलं. मी आमच्या शाळेबद्दल सांगितलं.

“इंग्रजीत शिकवता ते उत्तम,” त्या म्हणाल्या. “सगळी पुस्तकं, सगळे तक्ते इंग्रजीत आहेत. मुलांचा गोंधळ होणार नाही.”

मी तोवर कुठल्याही मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. तरी म्हटलं, “नाही, मिस हॅलम. गोंधळ मुलांचा होत नाही, त्यांच्या आयांचा होतो. त्यांच्या आयांना इंग्रजी येत नाही. मी कन्नडमध्ये शिकवणार आहे. ज्यांच्या घरी मराठी, त्यांना मराठीत. आमच्याच मराठीत.”

त्या म्हणाल्या, “पुस्तकं कुठून आणशील?”

“करीन.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. उठून हात पुढे केला. इतकंच. पण त्या खोलीतून बाहेर पडलेली बाई, आत गेलेल्या बाईपेक्षा चार बोटं उंच होती, असं मला आजही वाटतं.

बेंगळूरला परतले तेव्हा मोठ्या बाईंना हे मुळीच पटलं नाही. “तुला विलायतेला पाठवलं, ते कन्नड शिकवायला?” त्यांनी विचारलं. त्यांचा राग मी समजू शकत होते. मी रोज त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहायची. शेवटी त्या कंटाळल्या. मला मिळाला मागचा व्हरांडा, सहा मुलं आणि एक वर्ष. चार कन्नड घरांतली, दोन मराठी. वर्षाअखेर शाळेची समिती बघेल. पटलं नाही तर पुन्हा इंग्रजी. सहांत रत्ना होती.

अप्पांना मी पाच बाय पाच खिशांचा एक कापडी तक्ता शिवायला सांगितला, खिशातून अक्षरं काढता-घालता येतील असा.

“अक्षरं कुठली? पुण्याची की आपली?”

“आपली,” मी म्हटलं. ते चष्मा चढवून ताबडतोब बसले.

ते वर्ष सोपं गेलं नाही. सकाळी मेणबत्ती, दुपारी आरसा, संध्याकाळी माझाच घसा बसलेला. मुलं माझ्या गळ्यावर हात ठेवत, मग स्वतःच्या. रत्नाचा ‘ब’ नेहमी ‘म’ होई. तिच्या नाकावर बोट ठेवून मी दिवसचे दिवस बसले. आजच्या तरुण शिक्षिका हातांच्या भाषेत शिकवतात, मुलं किती भराभर बोलतात त्यांच्याशी! आम्ही मुलांना हात बांधून बसवलं, ते चुकलं, हे मी आता मोकळेपणानं म्हणते. पण मूल आणि त्याचं घर यांच्यामध्ये परकी भाषा उभी करू नये, हे मला तेव्हा कळलं होतं आणि त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही.

समिती सोमवारी बसायची होती. आधीच्या शनिवारी रत्नाच्या आईला यायला जमलं नाही, म्हणून मीच रत्नाला घेऊन के. आर. पुरमला गेले. आई फलाटावर वाट बघत होती. हातात डबा. लेक भुकेली असेल म्हणून तिनं तिथंच बाकावर तो उघडला. उप्पिट्टु. रवा, कढीपत्ता, वर शेंगदाणे. तिनं घास करून पुढे केला.

रत्नानं तोंड फिरवलं. “बेड,” ती म्हणाली.

नको. आवाज जाड होता, सपाट होता, पण ‘ब’ ओठांवरचा होता, नाकातला नव्हता. आईचा हात तसाच हवेत राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. या खेपेला तिला कुणी अर्थ सांगायला नको होता.

“बेडवा?” ती हळूच म्हणाली. नको?

“बेड, अम्मा. दिना अदे.” रोज तेच.

मग आई भडकली. पहाटे उठून केलंय, रोज तेच म्हणे, राजवाड्यातून आलीस का! रत्ना तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती, आणि एकेक शब्द पकडून उलट टाकत होती. नको. दोसा. उद्या. नाही, आज. नऊ-दहा वर्षं दोघींमध्ये साठलेलं भांडण त्या फलाटावर सुरू झालं. हमाल थांबून बघू लागले. माझी परतीची गाडी आली आणि गेली. मी बाकाच्या टोकाला बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही सुचलं नाही.

सोमवारी समितीपुढे मी माझे तक्ते, नोंदी सगळं मांडलं. मंडळी गंभीर होती. इंग्रजी शब्द किती कमी झाले, असं एकानं विचारलंही. इतक्यात दारात रत्नाची आई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लग्नातलं लुगडं नेसून, सकाळची गाडी पकडून आली होती. मोठ्या बाईंनी बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

“काही तक्रार आहे का?” समितीतल्या एका गृहस्थांनी कन्नडमध्ये विचारलं.

“आहे तर,” ती म्हणाली. मान ताठ, आवाज खणखणीत, सगळ्या बंगल्यात ऐकू जाईल असा. “माझी मुलगी मला तोंडाला तोंड देते!”